उंच अंगकाठी आणि ओ-गोशी

कमरेवरून फेकायच्या डावांना ज्युदोत कोशी-वाझा म्हणतात. त्यातला ओ-गोशी बहुतेक क्लासमध्ये अगदी सुरुवातीला शिकवतात. कोडोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेने डावांचे जे पाच गट पाडले, त्यातल्या पहिल्याच गटात तो आहे. म्हणून तो सगळ्यांना सारखाच सोपा जातो असं मात्र नाही. माझी उंची पाच फूट आठ इंच. माझी जोडीदार कॉलेजात शिकणारी मुलगी, माझ्या खांद्याला लागेल एवढी. ती मला सहज कमरेवर घ्यायची. मला तिला घ्यायचं तर बरंच काही नव्यानं शिकावं लागणार होतं.

आमच्याकडे ब्रेकफॉल, म्हणजे न लागता पडणं, पक्का झाल्याशिवाय कुणाला फेकू देत नाहीत, आणि हा नियम मला मनापासून पटतो. हनुवटी छातीशी, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, मोकळा हात अंगापासून थोडा लांब, तळव्यासकट सपाट आपटायचा. हे अंगात मुरलं की पडायची भीती जाते. भीती गेली की समोरचा आपल्याला फेकत असताना अंग ताठ होत नाही, आणि मग दोघांचाही सराव नीट होतो.

डावाची मांडणी अशी: डाव्या हातात समोरच्याची उजवी बाही. ती वर आणि आपल्याकडे ओढून त्याचं वजन पायाच्या चवड्यांवर आणायचं. आपला उजवा पाय त्याच्या उजव्या पायासमोर टाकायचा, उजवा हात त्याच्या काखेखालून पाठीमागे न्यायचा, डावा पाय मागून वळवून आणायचा. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला. कंबर पूर्ण आत, त्याच्या बेल्टच्या खाली. गुडघे सरळ करत मान डावीकडे वळवायची आणि बाही ओढत राहायची. पाठीमागचा हात नुसता सपाट ठेवायचा. त्या हातानं बेल्ट धरला की तो त्सुरी-गोशी, म्हणजे डावच वेगळा.

सगळं अडतं ते ‘बेल्टच्या खाली’ या दोन शब्दांपाशी. बुटक्या माणसाची कंबर मुळातच खाली असते. उंच माणसाला ती न्यावी लागते, तीही वळता वळता. इथे शरीर आपणहून एक पळवाट शोधतं: गुडघे न वाकवता कमरेतून पुढे झुकायचं. दिसायला तेच दिसतं, पण सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो आणि समोरचा पाठीवर नुसता रेलून राहतो. सर एकच वाक्य परत परत सांगायचे, “ताई, पाठ सरळ ठेवून बसा.” बसा, वाका नव्हे. भिंतीला पाठ लावून खाली सरकायचं, तिथून वळायचं, पुन्हा उभं राहायचं, असा सराव त्यांनी मला वेगळा दिला. मांड्या भरून यायच्या. पण उचलायची ताकद मांड्यांत असते हे त्या सरावानंच मला पटलं.

घरी खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून उचिकोमी करायचे, म्हणजे आत शिरण्यापर्यंतचाच डाव, न फेकता. ट्यूब एका बाबतीत फार प्रामाणिक असते: ओढ सुटली की लगेच सैल पडते. वळताना माझा डावा हात खाली येतो आणि ओढ तिथेच तुटते, हे ट्यूबमुळे दिसलं. तेव्हापासून मनगटावरचं घड्याळ बघितल्यासारखा हात वर ठेवायचा, हे पाठ करून टाकलं.

माझे मामा कोल्हापुरात तालमीत होते. सुट्टीत त्यांच्यापुढे पायांची जागा करून दाखवली तर म्हणाले, “अगं, हे आमच्या कुस्तीतल्या ढाक डावाच्या जवळचं आहे.” लाल मातीत धरायला बाही नसते, म्हणून मान आणि दंड धरून ओढ घ्यावी लागते. मग त्यांनी मला खांद्याला धरून हळूच एका बाजूला कलवलं. माझं वजन पुढच्या पायावर आल्याचं मला कळलं तेव्हा ते म्हणाले, “आता कंबर लाव. आधी लावशील तर ओझं उचलशील.” ज्युदोत यालाच कुझुशी म्हणतात, तोल मोडणं. हे मी क्लासमध्ये कितीदा तरी ऐकलं होतं. मामांच्या हाताखाली ते अंगाला कळलं. मला वाटतं, ओ-गोशी शिकवताना कंबरेबद्दल कमी आणि या क्षणाबद्दल जास्त बोलायला हवं.

त्यानंतर काही दिवसांनी क्रॅश मॅटवर जोडीदार माझ्या कमरेवरून गेली आणि मला वजन जाणवलंच नाही. उठून म्हणाली, “ताई, आत्ता तुम्ही उचललंच नाही मला!” हेच तर हवं होतं. तिची बाही मी शेवटपर्यंत सोडली नव्हती. फेकणाऱ्यानं बाही धरून वर ओढून ठेवली की पडणारा डाव्या कुशीवर नीट उतरतो. ही जबाबदारी फेकणाऱ्याची असते, आणि नवीन येणाऱ्याला मी ती सगळ्यात आधी सांगते.

रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झटापटीत, हा डाव सरळ गेला तर क्वचितच लागतो; समोरचा अंग ताठ करून कंबर मागे घेतो किंवा बाजूनं निसटतो. ही अडचण जुनीच आहे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचा आवडता डाव उकी-गोशी, तोही कमरेवरचाच. त्यांचा शिष्य साइगो शिरो त्यांच्या कमरेवरून उडी मारून सुटायला लागला, तेव्हा त्याचा पाय झाडून अडवण्यासाठी कानोंनी हाराई-गोशी काढला, असं सांगतात. लांब पायांच्या माणसाला हा डाव जास्त शोभतो, कारण त्यात कंबर तितकी खोल न्यावी लागत नाही आणि झाडणाऱ्या पायाची लांबी कामी येते. माझा सध्याचा सराव त्याचाच आहे. एका पायावर उभं राहून ओढ टिकवणं अवघड जातं, म्हणून दर वेळी सुरुवात ओ-गोशीच्या उचिकोमीनं करते, आणि आता डाव्या बाजूनंही.