एक डिश, दोन उपग्रह आणि तक्रारींची वही

सोलापूरच्या पूर्व भागात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते, त्यामुळे तिथल्या केबलचालकाला तेलुगू वाहिन्या बंद पडलेल्या चालत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ज्या कंट्रोल रूममधून मला बोलावणे आले, तिथली अडचण नेमकी हीच होती. ६८.५ अंश पूर्व रेखांशावरचा इंटेलसॅट-२० आणि ६६ अंशांवरचा इंटेलसॅट-१७ हे दोन उपग्रह तिथे एकाच १२ फुटी डिशवर दोन एलएनबी (डिशने एकवटलेला सिग्नल पकडणारी उपकरणे) लावून घेतले होते. सकाळी चित्र स्वच्छ असे. ऊन तापू लागले की आधी ६६ अंशांवरून येणाऱ्या तेलुगू वाहिन्यांवर चौकोन पडू लागत आणि पाठोपाठ दुसऱ्या उपग्रहावरच्या काही वाहिन्याही अडखळत. खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालत होते, गच्ची जुनी होती आणि दुसऱ्या डिशचा भार तिच्यावर टाकायला घरमालक तयार नव्हते. एकाच डिशवर दोन्ही सांभाळणे हाच मार्ग उरला होता.

"सर, एलएनबी बदलून झाले, केबल नवी टाकली, रिसीव्हरसुद्धा बदलून पाहिला," असे सांगून केबलचालकांनी माझ्यापुढे एक जाड वही ठेवली. कोणती वाहिनी कधी आणि किती वेळ बंद होती याची नोंद त्यांचा मुलगा तारीखवार ठेवत आला होता. माझ्या कामात अशी वही क्वचितच पाहायला मिळते. मी मागची पाने चाळली आणि सप्टेंबरअखेरच्या नोंदींपाशी थांबलो.

वर्षातून दोन वेळा, मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीवर, सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागून सरकतो. तेवढी मिनिटे डिशच्या केंद्रात सूर्याचा रेडिओ गोंगाट भरतो आणि उपग्रहाचा सिग्नल त्यात बुडून जातो. आम्ही याला सन आउटेज म्हणतो. सोलापूरच्या अक्षांशावरून हे उपग्रह आकाशातल्या विषुववृत्ताच्या सुमारे तीन अंश दक्षिणेला दिसतात. म्हणून हा प्रकार मार्चमध्ये १२ तारखेच्या आणि शरदात ३० सप्टेंबरच्या आसपास सर्वांत तीव्र असतो. शेजारच्या दोन उपग्रहांसाठी तो एकाच दिवशी शिखरावर यायला हवा. वहीत मात्र तेलुगू वाहिन्या सर्वांत जास्त वेळ बंद पडल्याचा दिवस आधी होता आणि ६८.५ अंशांवरच्या वाहिन्यांचा त्यानंतर तीन दिवसांनी. सूर्य दिवसाला सुमारे ०.४ अंश दक्षिणेकडे सरकत असतो. तीन दिवसांचा फरक म्हणजे दोन एलएनबींच्या नजरेत उत्तर-दक्षिण सव्वा अंशाचा फरक. गच्चीवर पाय ठेवण्यापूर्वीच दोष कुठे असणार हे त्या वहीने सांगितले होते.

वर जाऊन पाहिले तर दोन्ही एलएनबी एका पट्टीवर शेजारी शेजारी, पाणसळीने तपासून बसवल्यासारखे सरळ आडव्या रेषेत होते. ज्याने बसवले त्याचा हात नीटनेटका होता, परंतु आकाशातली रेषा आडवी नसते. सोलापुरातून ६८.५ अंशांचा उपग्रह दक्षिणेपासून पश्चिमेकडे २३ अंश कलून ६७.६ अंश उंचीवर दिसतो, तर ६६ अंशांचा ३० अंश कलून ६६.३ अंशांवर. म्हणजे या दोघांना जोडणारी रेषा क्षितिजाशी साधारण २५ अंशांचा कोन करते. पट्टी आडवी ठेवल्यामुळे डिश दोघांच्या मध्यावर कितीही काळजीपूर्वक वळवली तरी एक एलएनबी आपल्या उपग्रहाच्या सहा दशांश अंश वर आणि दुसरा तितकाच खाली पाहत राहतो. या वाहिन्यांच्या ४ गिगाहर्ट्झ कंप्रतेला १२ फुटी डिशचा झोत, म्हणजे ती आकाशाचा जेवढा भाग पाहते तो, जेमतेम १.४ अंश रुंद असतो. त्यात ही चूक दोन-अडीच डीबी (डेसिबल, सिग्नलची ताकद मोजण्याचे माप) खाते. डिजिटल प्रक्षेपणात चित्र हळूहळू खराब होत नाही. मर्यादेच्या वर असेपर्यंत ते निर्दोष दिसते आणि खाली गेले की एकदम तुटते. मर्यादेच्या काठावर चाललेला सिग्नल, उन्हात तापलेल्या एलएनबीचा स्वतःचा गोंगाट वाढला की दुपारी तिच्या खाली जात होता.

आम्ही सकाळी लवकर कामाला लागलो. डिशच्या काठापासून काठापर्यंत दोरी ताणून खोली मोजली. व्यास ३६६ सेंटिमीटर, खोली ६० सेंटिमीटर, म्हणजे केंद्रांतर (डिशच्या तळापासून सिग्नल एकवटतो त्या केंद्रापर्यंतचे अंतर) सुमारे १४० सेंटिमीटर. इथे एक गोष्ट सहसा विसरली जाते: उपग्रहांमधले अडीच अंश हे पृथ्वीच्या केंद्रातून मोजलेले असतात. आपण उपग्रहांच्या अधिक जवळ उभे असल्यामुळे सोलापुरातून तेच अंतर २.९ अंश दिसते. शिवाय खोलगट डिशमध्ये एलएनबी जितका बाजूला सरकवावा तितका झोत वळत नाही, म्हणून अंतर आणखी थोडे वाढवावे लागते. सगळे धरून दोन एलएनबींच्या मध्यांमध्ये सुमारे साडेआठ सेंटिमीटर अंतर आले. एवढ्या अंतरात दोन पूर्ण स्केलर रिंग, म्हणजे एलएनबीच्या तोंडाभोवतीच्या गोल चकत्या, मावत नाहीत. दोन्हींच्या कडा कापून त्या एकमेकींना भिडवाव्या लागतात. ८ फुटी डिशवर हे जमले नसते. तिचे केंद्रांतर लहान असल्याने एलएनबींचे गळेच एकमेकांवर आदळतात आणि झोतही इतका रुंद असतो की शेजारचा उपग्रह त्यात डोकावतो.

कापलेल्या रिंग नव्या पट्टीवर बसवून ती २५ अंश तिरकी केली. डिश आरशासारखी उलटवते, म्हणून पश्चिमेकडच्या ६६ अंशांच्या उपग्रहाचा एलएनबी पूर्वेच्या बाजूला आणि पावणेचार सेंटिमीटर वर गेला. कमकुवत उपग्रहाला बरोबर केंद्र देऊन दुसऱ्याला बाजूला ढकलण्याची पद्धत पुष्कळ जण वापरतात. इतक्या जवळच्या जोडीसाठी मला ती पटत नाही. केंद्रापासून दूर गेलेल्या एलएनबीच्या झोताला आतल्या, म्हणजे शेजाऱ्याच्याच बाजूला एक उपझोत फुटतो. दोघांनाही केंद्राच्या दोन बाजूंना सारखे सरकवले की तो लहान राहतो. नंतर प्रत्येक एलएनबी स्वतःच्या अक्षाभोवती वेगवेगळा फिरवला, एक २२ अंश आणि दुसरा २८. आधी दोन्ही एकाच कोनात होते. सहा अंशांची ती चूक दिसायला किरकोळ असली तरी तिच्यामुळे आडव्या ध्रुवणातला (आडव्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरींचा) सिग्नल उभ्यात झिरपतो आणि २० डीबीपेक्षा जास्त वेगळेपणा मिळतच नाही. यंत्रमागांच्या सततच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी दुहेरी नट घातले.

मीटरवर दोन्ही उपग्रह दोन डीबीहून अधिक वर आले होते. तरीही मी दुपारपर्यंत थांबण्याचा आग्रह धरला, कारण तारीख १२ मार्च होती आणि यापेक्षा चोख परीक्षक मला मिळाला नसता. माझ्या गणिताने सूर्य ६८.५ अंशांच्या उपग्रहामागे एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास यायचा होता आणि सुमारे बारा मिनिटांनी ६६ अंशांच्या मागे. मुलगा वही घेऊन पडद्यांसमोर बसला. एकच्या पुढे पहिल्या उपग्रहाचा आकडा घसरू लागला, चित्र गेले, सात-आठ मिनिटांनी परत आले. मग तसेच आणि तितकाच वेळ तेलुगू वाहिन्यांचे झाले. दोन्ही घसरणींच्या मध्यांमधले अंतर बारा मिनिटे भरले. सप्टेंबरमध्ये तीन दिवसांनी वेगळ्या पडलेल्या नोंदी आता एकाच पानावर, एकाच तारखेखाली आल्या.

चित्र गेल्यावर ग्राहकांचे फोन आले आणि केबलचालकांनी प्रत्येकाला तेलुगूतून शांतपणे सूर्याचे कारण सांगितले. निघताना मी मुलाला २७ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या काळात रोज दुपारी दोन्ही उपग्रहांच्या बंद पडण्याच्या आणि परत येण्याच्या वेळा मिनिटांसह लिहून ठेवायला सांगितले. पावसाळ्याच्या वाऱ्यात पट्टी अर्ध्या अंशानेही हलली, तर ती कोणत्या दिशेला हलली हे त्याला गच्चीवर न चढता कळेल.