डावीकडची पेन्सिल

रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर एअर कॉम्प्रेसरच्या नावाखाली 41 दुरुस्त्या आल्या होत्या. जनरेटरचं नाव मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेच नव्हतं.

आमच्या विभागातल्या यंत्रांची नोंद एक्सेलमधून ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये आणायचं काम माझ्याकडे होतं. शिकायला लागून तीन आठवडे झाले होते. यंत्रांचं एक टेबल, दुरुस्त्यांचं दुसरं, दोन्ही यंत्र-क्रमांकावर जोडलेली. एकेका यंत्राची माहिती दाखवणारा फॉर्म उभा राहिला, त्यात दुरुस्त्यांचा सबफॉर्म, म्हणजे आतला छोटा फॉर्मही बसला. रिपोर्टने थोडं छळलं. एकूण बेरीज मी पेज फूटरमध्ये, म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी, टाकली होती आणि तिथे आकड्याऐवजी एरर दिसत होता. बेरीज रिपोर्ट फूटरमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या शेवटी, नेल्यावर ती बरोबर आली. पण हे सगळं आदल्या दिवशीचं.

त्या दिवशी सकाळी मला फॉर्मवर शोधायची सोय हवी होती. वर यंत्राचं नाव निवडायचं, खाली त्याची माहिती यायला हवी. म्हणून मी फील्ड लिस्टमधून, म्हणजे टेबलातल्या रकान्यांच्या यादीतून, यंत्राचं नाव ओढून आणलं, त्याचा कॉम्बो बॉक्स (यादी उघडून निवडायची चौकट) केला आणि त्याला नावांची यादी जोडली. नाव आता वर दिसतंच आहे, म्हणून खालचा नावाचा बॉक्स काढून टाकला. मग यादीतलं पहिलं नाव, एअर कॉम्प्रेसर, निवडलं. खाली काहीच हललं नाही. पुढच्या रेकॉर्डवर, म्हणजे पुढच्या यंत्राच्या नोंदीवर, जाऊन पुन्हा निवडलं, तरी तेच. असं बऱ्याच रेकॉर्डवर करून पाहिलं आणि शेवटी "हे नंतर बघू" म्हणून रिपोर्ट काढायला घेतला.

रिपोर्ट पाहून मी आधी ग्रुपिंग, म्हणजे दुरुस्त्या यंत्राच्या नावाखाली एकत्र करणं, तपासलं. ते ठीक होतं. मग यंत्रांचं टेबल उघडलं. एअर कॉम्प्रेसर आठ वेळा होता! अनुक्रमांक वेगळे, जागा वेगळ्या, नाव एकच. हात गार पडले.

मॅडमना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा निवड, पण नजर डाव्या कडेला ठेव."

मी निवडलं. रेकॉर्डच्या डावीकडच्या उभ्या पट्टीत एक छोटी पेन्सिल उमटली.

"ही पेन्सिल म्हणजे तू रेकॉर्डमध्ये लिहिते आहेस. आता पुढच्या रेकॉर्डवर गेलीस की लिहिलेलं टेबलात पक्कं झालं. ॲक्सेस विचारत नाही. आत्ता एस्केप दाब."

दाबलं. पेन्सिल गेली, जुनं नाव परत आलं.

एक्सेलमध्ये सेव्ह न करता फाइल बंद केली की सुटलो, ही माझी सवय. इथे सेव्हचं बटण न दाबताच सात यंत्रांची नावं पुसली गेली होती. फील्ड लिस्टमधून ओढलेल्या बॉक्सला कंट्रोल सोर्स आपोआप मिळतो, म्हणजे तो थेट त्या फील्डला बांधलेला असतो. मी शोधते आहे असं मला वाटत होतं आणि तो बॉक्स लिहीत होता. ही एवढी गोष्ट पहिल्याच धड्यात, बटणं-रंग शिकवण्याआधी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रोज संध्याकाळी फाइलची प्रत काढायचा मॅडमचा नियम त्या दिवशी कामी आला. कालच्या प्रतीतलं टेबल लिंक केलं, यंत्र-क्रमांकावर जोडलं आणि जिथे दोन्हीकडची नावं जुळत नाहीत तेवढीच रेकॉर्ड क्वेरीने, म्हणजे टेबलांना विचारलेल्या प्रश्नाने, मागवली. बरोबर सात ओळी आल्या. मग अपडेट क्वेरीने जुनी नावं परत बसवली. दुरुस्त्यांना धक्का लागला नव्हता, कारण त्या क्रमांकावर जोडलेल्या होत्या. नावावर जोडलेल्या असत्या तर कोणती दुरुस्ती कोणत्या यंत्राची, याचाच गोंधळ झाला असता.

तो कॉम्बो बॉक्स मी काढून टाकला आणि विझार्डने, म्हणजे एकेक पायरी विचारत बॉक्स बनवून देणाऱ्या सोयीने, नवा घेतला. त्यातला तिसरा पर्याय फॉर्मवरचं रेकॉर्ड शोधण्यासाठीच असतो. या बॉक्सचा कंट्रोल सोर्स रिकामा राहतो. खालचा नावाचा बॉक्स परत आणला. टेबलात नावाच्या फील्डला डुप्लिकेट न चालणारा इंडेक्स लावला, म्हणजे तेच नाव दुसऱ्यांदा येऊच शकत नाही. हा इंडेक्स सकाळी असता तर पहिल्याच रेकॉर्डला मी अडले असते.

घरी जाण्याआधी जनरेटरच्या नावावर मुद्दाम एअर कॉम्प्रेसर लिहून पाहिलं. पेन्सिल उमटली. पुढच्या रेकॉर्डवर जायला गेले, तर ॲक्सेसने डुप्लिकेटचा संदेश दाखवून तिथेच थांबवलं. एस्केप दाबलं आणि पेन्सिल जाईपर्यंत पट्टीवरून नजर काढली नाही. मग रिपोर्ट पुन्हा चालवला. जनरेटर आपल्या नऊ दुरुस्त्यांसह दुसऱ्या पानावर होता.