आत्यांचे १०० शेअर

सांगलीला गेलं की कुणीतरी विचारतंच, कोर्टात कधी दिसत नाहीस गं? आता काय सांगायचं, मी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतली वकील, काळा कोट वर्षानुवर्षं कपाटातच, दिवसभर नुसते कागद वाचायचे.

मागे कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम आलं (तपशील बदललेत हं, नाहीतर सनद जायची). घरचीच प्रायव्हेट लिमिटेड, कारखान्याचे मालक अण्णा, त्यांना ती विकायची होती, पुण्याची पार्टी तयार. अण्णा म्हणाले मर्जर करून टाकू. म्हटलं अण्णा, मर्जर म्हणजे दोन कंपन्यांची एक करायची, त्याला कंपनी कायद्याची कलम २३० ते २३२, मुंबईला एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण, सभेत मूल्याने ७५ टक्के मतं, त्यात महिने जातात, त्यापेक्षा सरळ सगळे शेअर विका. भाव तर एका जेवणावर ठरला होता.

अडलं कुठं, तर मेंबर्सच्या, म्हणजे भागधारकांच्या, रजिस्टरमध्ये. १०० शेअर अण्णांच्या आत्यांच्या नावावर! प्रायव्हेट कंपनीला किमान दोन मेंबर लागतात, म्हणून अण्णांच्या वडिलांनी तेव्हा बहिणीचं नाव घातलं आणि नंतर सगळे विसरले. पार्टीला १०० टक्के हवे होते. म्हणजे शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या एसएच-४ फॉर्मवर आत्यांची सही पाहिजे आणि शेअरचं सर्टिफिकेटही. ते मिरजेला त्यांच्या फडताळात सापडलं, डब्यांखाली अंथरलेलं, एका कोपऱ्यावर तेलाचा गोल डाग.

दुसरा घोळ नॉन-कॉम्पिटचा. पाच वर्षं हाच धंदा करायचा नाही म्हटल्यावर अण्णा भडकले, "मग मी काय कृष्णेच्या घाटावर बसू?" १८७२ च्या करार कायद्यात कलम २७ आहे, धंदा करायला बंदी घालणारा करार एरवी चालत नाही, पण गुडविल, म्हणजे धंद्याचा नावलौकिक, विकलं की वाजवी हद्दीपुरता चालतो. मग भांडून भांडून तीन वर्षांवर आणलं, तेही फक्त त्याच मालापुरतं. मला विचाराल तर आमच्या कामातला खरा कस इथंच लागतो, बाकी बराचसा मसुदा जुन्या फाईलीतूनच येतो.

सहीच्या दिवशी आत्यांना वाटत होतं, दहाचा शेअर, म्हणजे हजार रुपये येतील. मी खरा आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आकडा परत विचारला आणि मग अण्णांकडं वळून म्हणाल्या, "काय रे, आणि इतक्या वर्षांचा डिव्हिडंड कुठाय माझा?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी फाईलीत डोकं घातलं.