चार मतांचं वजन

इस्रायलमधल्या रआम या अरब पक्षाचे नेते मन्सूर अब्बास ज्यू पक्षांच्या सरकारात सामील झाले, आणि तेव्हापासून त्यांचं नाव निघालं की चर्चा 'गद्दार की व्यवहारी' या वळणावर जाते. आज तो वाद बाजूला ठेवून फक्त मतदानाचे आकडे आणि पदरात पडलेले कागद बघू.

माणूस उत्तर इस्रायलच्या गॅलिली भागातल्या मघार गावचा, जन्म 1974 चा, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकलेला दंतवैद्य. घडण मात्र इस्लामी चळवळीतली. इस्रायलच्या संसदेची, म्हणजे क्नेसेटची, निवडणूक लढवायची का यावरून ही चळवळ 1996 मध्ये फुटली. राएद सलाह यांच्या उत्तर शाखेने बहिष्कार धरला (2015 मध्ये तिच्यावर बंदी आली). अब्दुल्ला निमर दरविश यांच्या वाटेने जाणारी दक्षिण शाखा निवडणुकीत उतरली. अब्बास दरविश यांच्या मुशीतले. 'आत शिरून मिळवा' हे धोरण 2021 मध्ये अचानक उगवलं असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

क्नेसेटमध्ये 120 जागा. प्रवेशासाठी लागणारी किमान मतं 2014 मध्ये 2 वरून 3.25 टक्क्यांवर नेली, आणि कम्युनिस्ट, राष्ट्रवादी, इस्लामी अशा एरवी न पटणाऱ्या अरब पक्षांना संयुक्त यादी करावी लागली. मार्च 2020 मध्ये या यादीला 15 जागा मिळाल्या, पण सत्तेत कुणी घेतलं नाही. कुणाकडे जाणार नाहीत हे आधीच ठाऊक असलेल्या 15 मतांना भाव येत नाही. कुठेही जाऊ शकणाऱ्या चार मतांना येतो. अब्बास यांचं सगळं राजकारण या हिशेबावर उभं आहे.

2021 मध्ये त्यांचा रआम पक्ष वेगळा लढला: 1,67,064 मतं, 3.79 टक्के, 4 जागा. थोडक्यात बचावले. 2 जूनला नेतन्याहूंना हटवू पाहणाऱ्या याइर लापिड आणि नफ्ताली बेनेट या नेत्यांबरोबर करार झाला आणि 13 जूनला त्यांचं सरकार 60 विरुद्ध 59 मतांनी सत्तेवर आलं. तेव्हाही रआमचेच सईद अल-हरूमी दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातल्या अरब घरांच्या पाडणीच्या निषेधार्थ तटस्थ राहिले. जुन्या काळी मापाई या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या आश्रयाने चालणाऱ्या अरब याद्या सोडल्या, तर स्वतंत्र अरब पक्ष सत्ताधारी आघाडीत येण्याची ही पहिलीच वेळ.

मंत्रिपद घेतलं नाही. घेतली समित्यांची अध्यक्षपदं आणि पैसा: अरब समाजासाठी 2022 ते 2026 ची सुमारे 30 अब्ज शेकेलची योजना. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो जानेवारी 2022 चा वीज कायदा. अनेक अरब गावांत मंजूर आराखडा नसतो, म्हणून बांधकाम परवाना मिळत नाही. परवाना नाही म्हणून भोगवटा दाखला नाही, आणि तो नसेल तर वीजजोडणी नाही. लोक मग शेजाऱ्याकडून तार ओढतात किंवा जनरेटर लावतात. आराखडा तयार होत असलेल्या भागांत ही साखळी कायद्याने तोडली. नेगेवमधल्या मान्यता नसलेल्या गावांना त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण तिथे मुळात आराखडाच नाही. त्यांतल्या अब्दा, रख्मा आणि खश्म झन्ना या तीन गावांना मान्यता देण्याचा निर्णय वेगळा झाला. रख्मा येरुहाम शहराच्या शेजारी आहे, आणि येरुहाममध्ये आपल्याकडून गेलेले बेने इस्राएल ज्यूही राहतात.

या सगळ्याची किंमतही होती. जुलै 2021 मध्ये इस्रायली नागरिकांच्या पॅलेस्टिनी जोडीदारांना इस्रायलमध्ये राहण्यापासून रोखणाऱ्या कायद्याची मुदत वाढवण्यावर 59-59 अशी बरोबरी झाली; रआमचे दोघे बाजूने, दोघे तटस्थ. मुदतवाढ नामंजूर झाली, पण अरब पक्षाचे दोन खासदार त्या कायद्याच्या बाजूने उभे राहिले हे अनेक मतदार विसरले नाहीत. डिसेंबरमध्ये अब्बास म्हणाले की इस्रायल ज्यू राष्ट्र म्हणून जन्मलं आणि तसंच राहील. माझ्या मते सगळ्यात महाग पडलं ते हे वाक्य, कारण बदल्यात लगेच काही मिळालं नाही. एप्रिल 2022 मध्ये जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीवरच्या तणावावरून त्यांनी आघाडीतला सहभाग 'गोठवला', तोही क्नेसेटला सुट्टी असताना. निषेध झाला आणि सरकारही पडलं नाही!

जूनअखेर क्नेसेट विसर्जित झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत रआमच्या जागा 5 झाल्या, म्हणजे मतदारांनी शिक्षा केली नाही. पण एकटा लढलेला बलद हा राष्ट्रवादी अरब पक्ष 2.9 टक्क्यांवर अडकून बाहेर राहिला आणि नेतन्याहूंच्या गटाला 64 जागा मिळाल्या. त्या बहुमतापुढे पाच मतांची कुणालाच गरज नव्हती. वीज कायदा टिकला, कारण तो मोडायला दुसरा कायदा करावा लागतो. 30 अब्जांची योजना मात्र मंत्रिमंडळाचा ठराव होती, आणि 2024 च्या अर्थसंकल्पात तिला कात्री लागली.