ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात

फोनवर आईला सांगितलं की ईस्टरला पहाटे कबरस्तानात गेले होते, तर ती म्हणाली, "अगं सणासुदीला तिथे कशाला?" आपल्याकडे सणाच्या दिवशी स्मशानाचं कुणी नावही काढत नाही, त्यामुळे तिचं काही चुकलं नाही. पण हर्नहूटला १७३२ पासून हेच चालू आहे आणि मी अजून त्यातून बाहेर आलेली नाही, म्हणून लिहितेय.

हर्नहूट हे जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातलं, पार पोलंड आणि चेक बॉर्डरजवळचं छोटंसं गाव. मोराव्हियातून, म्हणजे आताच्या चेक देशातल्या भागातून, धर्मासाठी पळून आलेल्या लोकांनी १७२२ मध्ये वसवलेलं. आमच्या बिल्डिंगमधल्या आजी मूळच्या तिथल्या, त्यांचे मिस्टर मागच्या पावसाळी दिवसांत गेले, तर त्या म्हणाल्या, सोबत येतेस का. अंधारातच ब्रास बँडवाले रस्तोरस्ती वाजवत गाव उठवतात, मग सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमतात. पाद्री म्हणतात, "प्रभू उठला आहे!" की सगळे एका आवाजात, "तो खरोखर उठला आहे!" आणि मग तिथून चालत टेकडीवरच्या कबरस्तानात.

तिथे मी बघतच राहिले. कबरी सगळ्या सारख्या, जमिनीलगत सपाट दगड, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, नवरा-बायको शेजारी नाहीत, जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने जागा. श्रीमंत-गरीब काही कळत नाही. फक्त ज्या झिन्झेनडॉर्फ घराण्याच्या जमिनीवर गाव वसलं त्यांच्या कबरी मधोमध आणि मोठ्या, ते मला जरा खटकलंच. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. मिस्टरांचं नाव आलं तेव्हा आजी छत्रीच्या टोकाने दगडाला चिकटलेली ओली पानं काढत होत्या, त्या थांबल्या, ताठ उभ्या राहिल्या, आणि नंतरचं गाणं सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणाल्या.

आता, आत्मा अमर आहे हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण ख्रिस्ती लोक ईस्टरला जे म्हणतात ते हे नाहीच. त्यांचं म्हणणं येशू देहाने उठला, कबर रिकामी होती. शिष्यांसमोर त्याने भाजलेला मासा खाल्ला, शंका घेणाऱ्या थोमाला हाताच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवल्या. म्हणजे मरणावर विजय मिळवला तरी जखमा तशाच! आणि ही बातमी पहिल्यांदा कळली ती बायकांना, ज्यांच्या साक्षीला त्या काळात फारशी किंमत नव्हती. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल तर करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. सगळा धर्म एका घटनेवर लावून मोकळा! म्हणूनच उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, दुःख त्यांना खरं दुःख म्हणून पाळता येतं, आणि रविवारी कबरींमध्ये उभं राहून ट्रम्पेट वाजवता येतात, कारण येशू पहिला उठला, मागून आपणही उठणार, हीच माणसं, याच नावांनी.

काही नातेवाइकांसाठी स्पष्ट लिहिते, मी धर्म बदलायला गेले नव्हते. एकट्या बाईला सोबत म्हणून गेले, आणि माझे आजोबा गेले तेव्हा मला भारतात पोचता आलं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या तरी कबरीपाशी उभं राहण्यात मला काही वावगं वाटत नाही.

परतताना गाडीत मी आजींना म्हटलं की मला पुनर्जन्म जास्त पटतो. त्या म्हणाल्या, "मग तुझे आजोबा पुढच्या जन्मात तुला ओळखणार कसे?" मी मोक्ष, ऋणानुबंध सगळं सांगितलं, आपल्याकडे यावर शेकडो वर्षं विचार झालाय हेही सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि परत तोच प्रश्न विचारला, आणि ड्रेस्डेन येईपर्यंत आम्ही दोघी आपापल्या मुद्द्यावर ठाम होतो.