तुम्ही विचारलंत म्हणून: घरून काम करणाऱ्या आईबाबांसाठी कंपनीनं काय करावं?

"घरून काम करणाऱ्या आईबाबांसाठी कंपनीनं कुठली टेक्नॉलॉजी घ्यावी?" हा प्रश्न मला नेहमी येतो. कधी एखादा मॅनेजर विचारतो, कधी एचआरमधलं कुणी, आणि बरेचदा लहान मूल असलेला टीममधलाच सहकारी. टीमना कामाची साधनं लावून देणं हे माझं काम, शिवाय मी स्वतः एका शाळकरी मुलाची आई. त्यामुळे मी एखाद्या ॲपचं नाव सांगेन अशी विचारणाऱ्यांची अपेक्षा असते. मी सांगते ते एवढंच: नवं काही विकत घेण्याआधी, आहे त्याच्याच सेटिंग्ज बदला. आणि त्या फक्त आईबाबांसाठी बदलू नका, सगळ्यांसाठी बदला.

लहान मूल असलेल्या घरात दिवस सलग मिळत नाही. बाळ झोपलं की तासभर मिळतो, मूल शाळेत गेलं की थोडा मोठा वेळ, आणि ताप आला तर सगळंच रात्रीवर जातं. काम होतं, मन लावून होतं, पण इतरांच्या वेळेला होईलच असं नाही. ऑफिसची साधनं मात्र आपण अशी वापरतो, की जणू सगळ्यांनी एकाच क्षणी हजर असलंच पाहिजे. म्हणून कुठल्याही साधनाबद्दल मी आधी एकच गोष्ट बघते: दुपारी चारला जो नव्हता, त्याला रात्री नऊला बसून काम पुढे नेता येतं का?

याचा सगळ्यात जास्त कस लागतो तो मीटिंगमध्ये. झूम, टीम्स, गूगल मीट यांच्यात रेकॉर्डिंग आणि बोलण्याचा लेखी उतारा मिळण्याची सोय आता आहे, आणि ती चांगलीच आहे. पण तासाभराच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकायला पुन्हा तासभर लागतो, आणि तेवढाच वेळ आईबाबांकडे नसतो. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक मीटिंगचं एक शेअर केलेलं डॉक्युमेंट असतं आणि त्याच्या डोक्यावर पाच ओळी असतात. काय ठरलं. का ठरलं. कोण करणार. कधीपर्यंत. आणि पाचवी ओळ: ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी उद्या दुपारपर्यंत इथेच लिहावं, तोवर निर्णय पक्का नाही.

ही पाचवी ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिल्या चार ओळींनी गैरहजर माणसाला बातमी कळते. पाचवीमुळे त्याचं मत शाबूत राहतं. आमच्या टीममधला एक बाबा मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेला होता, तेव्हा ग्राहकाच्या सिस्टीममधल्या नव्या बदलाची तारीख ठरली. रात्री त्यानं त्या ओळीखाली लिहिलं, की त्याच आठवड्यात ग्राहकाकडे वर्षअखेरचे हिशेब बंद होतात, तेव्हा हात लावू नये. तारीख पुढे गेली. खोलीत बसलेल्या कुणालाच ते आठवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट चॅटच्या ॲपमध्ये नावाशेजारी दिसणाऱ्या, 'हा माणूस हजर आहे' असं सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्याची. कीबोर्डला काही मिनिटं हात लागला नाही की तो पिवळा होतो. बाळाचं लंगोट बदलायला गेलेली आई आणि कामात लक्ष नसलेला माणूस, ठिपक्याला दोघंही सारखेच. त्यावरून कुणाच्या कामाचं मोजमाप होत असेल, तर ते ताबडतोब थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा अनुभव मोठ्या कंपन्यांनीही घेतला आहे. बार्कलेज बँकेनं २०२० मध्ये टीका झाल्यावर असं सॉफ्टवेअर मागे घेतलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला, कर्मचारी ऑफिसची साधनं किती वापरतात हे मोजणाऱ्या आपल्या 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर'मधून कर्मचाऱ्यांची नावं काढावी लागली. ठिपका हिरवा ठेवायला धडपडणारी आई मुलाकडेही नीट बघू शकत नाही आणि कामाकडेही.

आता रात्रीच्या कामाची दुसरी बाजू. मुलं झोपल्यावर मी मेल लिहिते, पण तो तेव्हाच जायला हवा असं नाही. वेळ लावून मेल पाठवण्याची सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे, चॅटच्या ॲपमध्येही मिळते. मी लिहिते रात्री, समोरच्याला पोचतं सकाळी. नाहीतर एकाची सोय ती दुसऱ्याची झोपमोड होते. काही देशांनी हे कायद्यातच आणलं आहे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून आहे. पोर्तुगालनं २०२१ मध्ये कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याशी संपर्क साधण्यावर मालकांना बंधन घातलं आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना काही अटींवर घरून काम करण्याचा हक्क दिला. कायदा नसेल तिथेही रात्रीची नोटिफिकेशन्स मुळातच बंद ठेवणं कंपनीच्या हातात असतं. ज्याला हवीत त्यानं चालू करावीत.

हे सगळ्यांसाठीच का, असं लगेच विचारतात. कारण सवलत मागावी लागली की मागणाऱ्यावर शिक्का बसतो. समाजशास्त्रज्ञ शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच तोडीचे अर्ज लोकांसमोर ठेवले होते. काहींत फक्त पालक-शिक्षक संघाच्या कामासारखा उल्लेख होता, ज्यावरून अर्जदाराला मूल असल्याचं कळावं. तेवढ्यावरून आयांना कमी सक्षम आणि कामाशी कमी बांधलेलं समजलं गेलं, वडिलांना तसा फटका बसला नाही. म्हणून मी आयांना सांगते, कॅलेंडरमध्ये वेळ राखून ठेवा आणि ती नोंद खासगी करा. समोरच्याला फक्त 'व्यग्र' दिसेल. कारण लिहिण्याची गरज नाही. पण हे एकट्या आईनंच केलं तर तेही नजरेत भरतं. मॅनेजरनं, मूल नसलेल्या सहकाऱ्यानं, बाबानं, सगळ्यांनीच आपल्या वेळा कॅलेंडरमध्ये मांडल्या की त्यात वेगळं काही उरत नाही.

कॅमेरा ऐच्छिक ठेवा, मागचा गोंगाट गाळणारी सोय चालू ठेवा, यावर जास्त बोलायला नको.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. यातलं काहीही पाळणाघराची जागा घेत नाही. दोन वर्षांचं मूल सांभाळता सांभाळता पूर्ण वेळ काम करता येतं, असं समजून कंपनीनं साधनं देऊ केली, तर ती आईबाबांवर आणखी एक ओझं टाकते. मूल सांभाळायला कुणी असणं, त्यासाठी पैशाची मदत, आजारपणात सुट्टी, हे वेगळं आणि आधी हवं.

आणि सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर दर आठवड्याला होणारी एक मीटिंग निवडा. जी फक्त कोण काय करतंय हे सांगण्यासाठी भरते, ती. महिनाभर ती लेखी घ्या: प्रत्येकानं आपल्या सोयीच्या वेळी, दिवस संपायच्या आत, आपली चार वाक्यं लिहायची. महिन्यानंतर टीमला विचारा, ती मीटिंग परत हवी आहे का. विचाराल तेव्हा आईबाबांआधी बाकीच्यांना विचारा.