लग्न, सीलिंग आणि सेमिस्टर : प्रोव्होतल्या संसाराची तयारी

नवरा-बायको दोघंही विद्यार्थी, दोघंही मॉर्मन (चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चचे सभासद) आणि दोघंही भारतातून आलेले असले, तर संसार सुरळीत लागणं बरंचसं कामांच्या क्रमावर असतं. कायदेशीर लग्न, मंदिराचं शिफारसपत्र, व्हिसा, सीलिंग, घर, नोकरी यांतलं एक मागेपुढे झालं की बाकीची खोळंबतात. आम्ही यूटा राज्यातल्या प्रोव्होत, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या बीवाययूत आलो ते या सगळ्यातून. इथे यायच्या तयारीत असलेल्या मराठी जोडप्यांना कुठे काय अडतं हे आधीच ठाऊक असावं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात लग्नापासून. आमच्या श्रद्धेत लग्न मरणापाशी संपत नाही. मंदिरातल्या सीलिंगच्या संस्काराने पती-पत्नी कायमचे एकत्र बांधले जातात. पण मंदिरात फक्त शिफारसपत्र असलेल्या सभासदांनाच प्रवेश असतो. आई-वडील चर्चचे सभासद नसतील तर त्यांना तो संस्कार पाहता येत नाही, आणि मराठी घरात याचं दुःख लहान नसतं. म्हणून आधी सगळ्यांसमोर कायदेशीर लग्न आणि मग सीलिंग हा क्रम मला मनापासून योग्य वाटतो. पूर्वी अमेरिकेत बाहेर लग्न केलं तर सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागे. ६ मे २०१९ रोजी चर्चने ही अट जगभर काढून टाकली. आता शिफारसपत्र हातात असेल तर लगेच सीलिंग होऊ शकतं. लग्नात आजीने अक्षता टाकाव्यात, मामाने पाठीशी उभं राहावं आणि त्यानंतर आपण मंदिरात जावं, यात आता काहीच आड येत नाही.

भारतात लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा सोयीचा. त्यात धर्माचा प्रश्न येत नाही आणि प्रमाणपत्र थेट विवाह अधिकाऱ्याचं मिळतं. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. तीन महिने उलटले की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. परदेशात असलेला मुलगा किंवा मुलगी दोन आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन लग्न करू पाहते आणि गाडी इथेच अडते. वास्तव्याची ३० दिवसांची अट गावी असलेल्या जोडीदाराने पूर्ण करावी आणि नोटिशीची तारीख विमानाच्या तिकिटाआधी ठरवावी. प्रमाणपत्रावरची दोघांची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतात ना, हे सहीच्या आधी तपासा. मधलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांची उलटापालट पुढे प्रत्येक फॉर्मवर आडवी येते.

शिफारसपत्रासाठी दोन मुलाखती असतात. वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, राहत असाल तर पहिली तिथल्या प्रमुखाकडे, म्हणजे बिशपकडे, आणि दुसरी स्टेकच्या (अनेक वॉर्डांच्या गटाच्या) अध्यक्षमंडळाकडे. फी काही नसते. मुलाखतीचे प्रश्न ऑक्टोबर २०१९ पासून जाहीर आहेत: देवावर आणि येशू ख्रिस्तावर विश्वास, दशांश, शुचिता, प्रामाणिकपणा, आरोग्याचे नियम. प्रश्न आधी दोघांनी एकत्र वाचावेत आणि घरी त्यांवर मोकळेपणी बोलावं. नेहमीचं शिफारसपत्र दोन वर्षं चालतं. मात्र पहिल्यांदा एंडावमेंट (सीलिंगआधीचा मंदिरातला संस्कार) घेणाऱ्याला आणि सीलिंग करून घेणाऱ्याला वेगळं शिफारसपत्र लागतं. नवीन बाप्तिस्मा घेतलेल्याला एंडावमेंटसाठी एक वर्ष थांबावं लागतं, तेव्हा लग्नाची तारीख काढताना बाप्तिस्म्याची तारीखही समोर ठेवा.

भारतातून निघणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. नव्या वॉर्डात वर्ष पूर्ण झालं नसेल तर तिथला बिशप शिफारसपत्र देण्याआधी जुन्या बिशपशी किंवा शाखाध्यक्षाशी (लहान मंडळीच्या प्रमुखाशी) बोलतो. भारत आणि यूटा यांच्या वेळेत साडेअकरा-साडेबारा तासांचं अंतर आहे आणि दोन्हीकडचे बिशप आपापली नोकरी सांभाळून, पगार न घेता हे काम करतात. साध्या फोनला आठवडे जाऊ शकतात. शक्य असेल तर शिफारसपत्र भारतातूनच घेऊन या.

सीलिंगसाठी मंदिरात आधी वेळ घ्यावी लागते. १९७२ सालचं जुनं प्रोव्हो मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. गावातलं दुसरं मंदिर म्हणजे प्रोव्हो सिटी सेंटर. डिसेंबर २०१० च्या आगीत जळालेल्या जुन्या टॅबरनॅकलच्या (चर्चच्या सभागृहाच्या) भिंती राखून ते उभं केलं आणि मार्च २०१६ मध्ये त्याचं समर्पण झालं. सेमिस्टर संपल्यानंतरचे शुक्रवार-शनिवार लवकर भरतात. मधल्या वारी सकाळची वेळ मागितलीत तर घाई नसते. दोन साक्षीदार लागतात आणि तेही एंडावमेंट झालेले हवेत. अंगठ्या घालणं हा संस्काराचा भाग नाही, ते नंतर करता येतं. घरची माणसं बाहेर थांबणार असतील तर त्यांच्यापाशी बसायला एखादा जवळचा मित्र ठेवा. परक्या देशात, परक्या भाषेत, बंद दाराबाहेर त्यांना एकटं बसवू नये. भारतातलं पहिलं मंदिर बंगळुरूला होणार असल्याचं एप्रिल २०१८ मध्ये जाहीर झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथे भूमिपूजन झालं. आपल्याकडच्या जोडप्यांना या संस्कारासाठी देश ओलांडावा लागणार नाही, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

आता व्हिसा. एक जण एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) आणि जोडीदार एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा व्हिसा), अशी जोडी नेहमीची. एफ-२ वाल्याला वेगळा आय-२० (विद्यापीठाने दिलेला व्हिसासाठीचा फॉर्म) लागतो, पण सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी लागत नाही. एफ-२ वर नोकरी अजिबात करता येत नाही, आणि शिकता येतं तेही अर्धवेळच. पूर्ण वेळ शिकायचं तर स्टेटस बदलून एफ-१ व्हावं लागतं. त्यासाठीच्या आय-५३९ अर्जाला महिनोन् महिने लागू शकतात आणि मंजुरी येईपर्यंत पूर्ण वेळ वर्ग सुरू करता येत नाहीत. दोघांनाही शिकायचंच असेल तर दोघांनी भारतातूनच एफ-१ वर यावं हे माझं ठाम मत आहे. प्रवेशाचं एक चक्र थांबावं लागलं तरी चालेल. एफ-१ वाल्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. घरखर्चाचा हिशेब त्या २० तासांवर बसत नसेल तर आधी बचत उभी करा, मग निघा.

बीवाययूत प्रवेशाबरोबर ऑनर कोड, म्हणजे वागणुकीचे नियम, येतो. दारू, तंबाखू, चहा, कॉफी नाही. लग्नाबाहेर संबंध नाहीत. पुरुषांना दाढी नाही. वैद्यकीय किंवा धार्मिक कारण असेल तर दाढीची सूट मागता येते. दरवर्षी बिशपला भेटून एंडॉर्समेंट (हे नियम पाळत असल्याची त्याची संमती) ताजी करावी लागते, नाही तर पुढच्या सत्राची नोंदणी अडते. वॉर्ड नुकताच बदलला असेल तर ही भेट लवकर मागून घ्या. पदवीसाठी धर्मशिक्षणाचे १४ क्रेडिट असतात, बहुतेक वर्ग दोन क्रेडिटचे. हे वर्ग हलके समजून एकाच सत्रात तीन घेतले की वाचन डोक्यावर बसतं. सत्राला एक हे प्रमाण बरं. फी चर्चच्या सभासदांना निम्मी पडते, कारण उरलेला भार जगभरच्या सभासदांच्या दशांशातून उचलला जातो. हे लक्षात आलं की दशांश देताना हात मागे राहत नाही.

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. पगार दर दोन आठवड्यांनी येतो. समजा तासाला १४ डॉलर मिळतात, तर दोन आठवड्यांच्या ४० तासांचे ५६० डॉलर, त्यातले ५६ दशांशाचे. पगार जमा झाला त्याच दिवशी ते ऑनलाइन भरायचे. महिनाअखेरीला ‘उरले तर’ म्हटलं की उरत नाहीत. स्कॉलरशिपवर दशांश द्यायचा की नाही याचं कोष्टक चर्च देत नाही. दोघांनी प्रार्थना करून ठरवायचं आणि मग ते बदलत बसायचं नाही. कराचंही सांगते. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे करापुरते नॉन-रेसिडेंट (अनिवासी) असतानाही स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक सरसकट वजावट) घेता येतं. ते घेतलं की २०२५ च्या करवर्षापर्यंत देणग्यांची वेगळी वजावट सहसा मिळत नसे, त्यामुळे दशांशातून कर वाचेल असं धरून चालू नका. अनिवासींच्या प्राप्तिकर विवरणाच्या फॉर्म १०४०-एनआर बरोबर फॉर्म ८८४३ भरायचा, आणि एफ-२ वाल्या जोडीदारानेही आपला ८८४३ वेगळा भरायचा. हा दुसरा हमखास राहून जातो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. आपल्याकडे उपास म्हटला की साबुदाणा भिजत पडतो. हा मात्र निर्जळी एकादशीसारखा, लागोपाठ दोन जेवणं अन्न-पाणी काही नाही. वाचलेल्या जेवणाचे पैसे फास्ट ऑफरिंग म्हणून गरजूंसाठी द्यायचे, दशांशाहून वेगळे. प्रोव्होची हवा कोरडी आणि उंची सुमारे १,४०० मीटर, म्हणून शनिवारी दिवसभर पाणी पीत राहा आणि रात्री खारट-तळकट टाळा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा आजारी व्यक्तीने हा उपास करायचा नसतो. रविवारी विद्यापीठाचं ग्रंथालय बंद असतं, आम्ही खरेदीही करत नाही. त्यामुळे सगळा अभ्यास आणि वाणसामान शनिवारी रात्रीपर्यंत उरकावं लागतं. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी: थोडं वाचन, प्रार्थना, आठवड्याचा खर्च आणि परीक्षांच्या तारखा. विवाहित विद्यार्थ्यांच्या वॉर्डात प्रत्येकाच्या वाट्याला एखादी सेवा येतेच, कधी दीड ते तीन वर्षांच्या मुलांची नर्सरी, कधी वर्ग शिकवणं. ती स्वीकारतानाच परीक्षांचे आठवडे बिशपला सांगून टाका.

चहाचं काय, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. १८३३ सालच्या आरोग्याच्या नियमात ‘गरम पेयं’ म्हटलं आहे, त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा घेतला जातो. ग्रीन टी त्याच झुडपाचा, म्हणून तोही नाही. गवती चहा मात्र चालतो. गवती चहाची पाच-सहा पाती, आल्याचा तुकडा, दोन कप पाणी पाच मिनिटं उकळायचं, गूळ किंवा साखर, हवं तर दूध. चहाची पूड तेवढी घालायची नाही. दूध आल्याच्या उकळीत लगेच ओतलं तर फाटतं. विस्तव बंद करून मिनिटभराने घाला. भारतात कुणाकडे जाताना हे आधी फोनवर सांगून ठेवलं तर यजमानीणबाईंना आनंदच होतो. समोर आलेला कप परत करण्याची वेळ येत नाही.

आणि स्वयंपाकघर. या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ गळत नाही. कुकर भारतातूनच आणा, बरोबर दोन जास्तीच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. चर्च सभासदांना धान्याची साठवण करायला सांगतं: आधी तीन महिन्यांचं रोजचं अन्न, मग जमेल तशी दीर्घ साठवण. मोठ्या माणसाला महिन्याला सुमारे ११ किलो धान्य आणि सव्वादोन किलो कडधान्य हा अंदाज. चर्चच्या साठवण केंद्रात पांढरा तांदूळ, गहू आणि बीन्स मोठ्या डब्यांत मिळतात. ते थंड, कोरड्या जागी ३० वर्षांपर्यंत टिकतात. तूरडाळ-मूगडाळ भारतीय दुकानातून आणून मायलरच्या (हवा आत न येऊ देणाऱ्या चकचकीत प्लास्टिकच्या) पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीसह बंद करायची. साखरेत ती पुडी घालू नका, साखरेचा दगड होतो. ब्राउन राइस, शेंगदाणे आणि पोहे यांत तेल किंवा ओल राहते, ते दीर्घ साठवणीत घेऊ नयेत. एक खोलीच्या घरात डबे पलंगाखाली बसतात. घर बदलण्याच्या एप्रिल आणि ऑगस्टमध्ये शेजारीपाजारी बांधाबांध सुरू झाली की जाणारी जोडपी आपले डबे अर्ध्या किमतीला देऊन टाकतात, आमच्या साठवणीची सुरुवात तशीच झाली.